रीडिंगकाकांचं तळं

रीडिंगकाका एकतीस वर्षं विजेच्या मीटरचं रीडिंग घेत फिरले आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी एकही आकडा मनाने लिहिला नाही. ही गोष्ट ते स्वतः सांगतात, न विचारता सांगतात, आणि एकाच माणसाला तीन-तीनदा सांगतात. पण म्हणून ती खोटी ठरत नाही. त्यांचे काही सोबती चहाच्या दुकानात बसून अख्ख्या गल्लीचं रीडिंग अंदाजपंचे उरकायचे. काका मात्र जिन्याखालच्या जाळ्याजळमटांत डोकं घालून, टॉर्च तोंडात धरून, कुणाच्या कुत्र्याशी गोडीगुलाबीने बोलून मीटर वाचायचे. काळे आकडे लिहायचे आणि शेवटचा लाल आकडा सोडून द्यायचा, कारण तो अपूर्णांक, बिल पूर्ण युनिटांचं निघतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो लाल आकडाही इमानेइतबारे लिहिला होता आणि एका म्हातारीला दहापट बिल गेलं होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची अशी काही बिनपाण्याने केली की पुढे जन्मभर अपूर्णांक दिसला की काकांचं पेन आपोआप थांबायचं.

निवृत्त झाल्यावर चालायची सवय काही जाईना. सकाळी उठून ते घरातल्या घरात फेऱ्या मारत, स्वयंपाकघरात नाक खुपसत, गॅसचा मीटर वाचत. काकूंनी आठवडाभर सोसलं आणि आठव्या दिवशी सांगितलं, "अहो, डोंगरावर जा, समुद्रात जा, कुठेही जा. पण दुपारपर्यंत माझ्या पायात घुटमळू नका."

म्हणून काका डोंगरसंघात दाखल झाले. संघ म्हणजे दहा-बारा हौशी माणसं. म्होरक्या एक दातांचे डॉक्टर. लांब टांगांचे, मृदू बोलणारे. दात उपटतानाही 'आता थोडंसंच' म्हणणारे. दर रविवारी चालायचं आणि बुधवारी संध्याकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात, जबड्याच्या चित्रांखाली बसून पुढच्या रविवारची वाट ठरवायची. काकांना तिथे मनापासून आवडायचं. खरं सांगायचं तर नोकरी सुटल्यावर कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटायला लावणारी ती एकच जागा उरली होती.

काकांच्या साठ-पासष्टीच्या अधल्यामधल्या एका वाढदिवसाला लेकीने त्यांना हातात मावेल असं जीपीएस यंत्र पाठवलं. जाडजूड, नारिंगी कडांचं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. आकाशातल्या उपग्रहांशी बोलून तुम्ही पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहात ते हे यंत्र सांगतं. काकांच्या दृष्टीने हा मीटरच होता. फक्त हा विजेचा नाही, जागेचा. पहिले चार दिवस ते गॅलरीत हात लांब करून उभे राहत आणि आत ओरडून काकूंना स्वतःचा पत्ता आकड्यांत सांगत.

"तुम्ही गॅलरीत आहात," काकू आतून म्हणत. "मला यंत्राशिवाय कळतंय."

दिशा दाखवणारा कंपास जुळवताना तर यंत्र हातात सपाट धरून जागच्या जागी सावकाश दोन गिरक्या घ्यायच्या होत्या. त्या काकांनी अंगणात घेतल्या. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी काकूंना फोन करून विचारलं, काकांची तब्येत बरी आहे ना.

तळ्याची गोष्ट त्यानंतरच्या महिन्यातली. आठवड्याच्या मधल्या एका दिवशी काका एकटेच शहरामागच्या मोठ्या डोंगरावर गेले. अर्ध्या वाटेवर असं धुकं उतरलं की स्वतःचे बूट दिसेनात. यंत्रात तेव्हा कंपनीने दिलेला मूळ नकाशा होता, त्यात मोठे रस्ते सोडून काहीच नव्हतं. पडदा पांढरा आणि मधोमध काकांचा काळा त्रिकोण. वाट कधीच सुटली होती. तासभर चाचपडल्यावर पायाखालची जमीन मऊ लागली, धुकं जरा विरळ झालं, आणि समोर तळं. शाळेच्या अर्ध्या मैदानाएवढं, काठावर पांढरी फुलं, पाण्यात आडवा पडलेला एक ओंडका आणि त्यावर रांगेत बसलेली कासवं. काकांनी ती मोजली. सात भरली.

त्या डोंगरावर पाणी नाही हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काका आनंदाने नुसते थरथरत होते. त्यांनी यंत्रात जागेची खूण केली. आणि यंत्रावर विसंबून राहायचं नाही या जुन्या शिस्तीने खिशातली डायरी काढून आकडेही लिहून घेतले. फोन घरी चार्जिंगला लावलेला, त्यामुळे फोटो नाही. मग यंत्राने दाखवलेल्या दिशेने ते सरळ खाली उतरून रस्त्याला लागले.

आता एवढं मोठं तळं पांढऱ्या पडद्यावर बघण्यात काय मजा? काकांनी ठरवलं, यंत्रात डोंगराचा चांगला नकाशा भरायचा. उंचीच्या रेषा, ओढे, पाऊलवाटा, सगळं असलेला. असे नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात. भाग निवडायचा, फाइल उतरवून घ्यायची, केबल लावायची आणि यंत्राच्या कार्डात टाकायची. ऐकायला सोपं वाटतं. काकांनी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला, चष्मा पुसला आणि पहिल्याच फटक्यात शेजारचा चौकोन निवडला. यंत्र सुरू केलं तर पडदाभर निळंच निळं.

"हे काय?" काकूंनी खांद्यावरून डोकावून विचारलं.

"समुद्र."

"म्हणजे आपण बुडालो? मग भाजी चिरायची थांबू का?"

दुसऱ्यांदा चौकोन बरोबर निवडला, पण फाइल जात असतानाच काकूंना टेबल पुसायचं होतं म्हणून काकांनी केबल उपटली. यंत्र सुरू होताना जे कंपनीचं चित्र दाखवतं तिथेच जे अडकलं ते अडकलं. लेकीला फोन झाला. तिने सांगितलं, "बाबा, दोन बटणं एकदम दाबून धरा, सगळं पुसून नव्याने सुरू होईल." काकांनी दाबली. यंत्र नव्याने सुरू झालं आणि खरोखरच सगळं पुसलं गेलं. वाटा, खुणा आणि तळंसुद्धा.

काकूंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. काका मात्र हसले. "आमच्या खात्यात याच्यासाठीच वही असते," असं म्हणत त्यांनी डायरी उघडली. तिसऱ्या खेपेला नकाशा नीट बसला. काकांनी डायरीतले आकडे एकेक करून यंत्रात घातले: उत्तरेचे अंश आणि एक्केचाळीस मिनिटं, पूर्वेचे अंश आणि बारा मिनिटं. यंत्राला मिनिटांच्या पुढे आणखी तीन आकडे हवे होते, त्याशिवाय ते हलेचना. काकांनी दोन्हीकडे तीन-तीन शून्यं देऊन त्याचं समाधान केलं.

बुधवारी दवाखान्यात काकांनी तळं जाहीर केलं, कासवांसकट. संघातला बेकरीवाला पोट धरून हसला. "त्या डोंगरावर बाटलीतलं सोडून दुसरं पाणी नाही, काका!"

डॉक्टरांनी यंत्र हातात घेऊन खूण मोठी करून बघितली. "नकाशात निळा ठिपकासुद्धा नाही. फोटो आहे?"

"नाही."

डॉक्टर दात उपटतानाच्या आवाजात म्हणाले, "होतं असं, काका. धुकं असतं, माणूस एकटा असतो, थकलेला असतो. वय झालं की डोळे जरा आपल्या मनाचंही दाखवतात."

हसण्याने काही झालं नव्हतं, पण हे काकांना झोंबलं. ते उठून उभे राहिले. "मी न बघितलेला आकडा आयुष्यात लिहिला नाही. येत्या रविवारी सगळ्यांना तळ्यावर नेतो. तळं दिसलं नाही, तर या संघात पुन्हा पाऊल टाकणार नाही. तुम्हाला खोटारडा माणूसही नको आणि भ्रमिष्टही नको." एवढं बोलून ते बाहेर पडले, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोहोचेपर्यंत त्यांना स्वतःच्याच बोलण्याची धास्ती वाटू लागली.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कासवं पोहत होती की बसली होती?"

"बसली होती."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि दूध तापवायला गेल्या. काकांना वाटलं, हिलाही मजाच वाटतेय.

रविवारी पहाटे काका दार ओढून घेणार, तर काकू पायात लेकीचे जुने बूट घालून, डोक्याला रुमाल बांधून तयार. दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाताना मध्ये एकदा बसणारी ही बाई.

"तू कुठे निघालीस?"

"तळं बघायला. का, माझी नोंद नाही का?"

"अगं, तुझे गुडघे?"

"ते पण येतायत."

सगळे मिळून अकरा जण निघाले. हवा स्वच्छ होती, धुक्याचा मागमूस नव्हता. काका पुढे, यंत्र छातीशी. पडद्यावरचा बाण सांगेल तिकडे सगळी वरात. काकू सगळ्यांत मागे, पण थांबल्या नाहीत. अंतर कमी होत होतं. आठशे मीटर, चारशे, दीडशे. शेवटी यंत्राने टुकटुक केलं आणि पडद्यावर आलं की मुक्काम आला.

मुक्कामाला काटेरी झुडपं होती आणि झुडपांत दार नसलेला एक जुना फ्रिज आडवा पडला होता. कुणीतरी कच्च्या रस्त्याने आणून टाकून दिलेला.

"चला, पाणी थंड करायची सोय तर झाली," बेकरीवाला म्हणाला. चार-पाच जण खो खो हसले. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी नुसती काकांच्या पाठीवर हलकेच थाप मारली, आणि ती थाप काकांना हसण्याहून शंभरपट जड गेली. ते फ्रिजकडे बघत उभे राहिले. आपण खरंच बघितलं होतं का, असा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला.

काकू धापा टाकत पोहोचल्या, एका धोंड्यावर बसल्या आणि हात पुढे केला. "डायरी द्या. आणि ते यंत्रही."

त्यांनी डायरी एका मांडीवर ठेवली, यंत्र दुसऱ्या. बघून बघून एका जागी बोट ठेवलं. "ही तीन शून्यं कशाची?"

"काही नाही गं, अपूर्णांक आहे तो. यंत्राला हवा होता म्हणून दिला."

"मग तळ्यावर उभे होतात तेव्हा तिथे शून्यंच होती?"

"छे, आकडे होते. पण ते कशाला लिहायचे? अपूर्णांक तर—" आणि काका थांबले. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही डोंगराचाही लाल आकडा सोडून दिलात?"

काय झालं ते आधी बाकी कुणालाच कळेना. मग काकूंनी दहापट बिलाची ती गोष्ट सांगितली. त्यांना ती तोंडपाठ होती, आणि काकांपेक्षा थोडक्यात सांगता येत होती. डॉक्टर खाली बसले आणि काडीने मातीत चौकोन काढला. "अंशातलं एक मिनिट म्हणजे जमिनीवर जवळजवळ दोन किलोमीटर. काकांनी पुढचे आकडे गाळले, म्हणजे खूण नकाशात सरकली ती खाली आणि डावीकडे. तळं असेल तर ते इथून वर आणि उजवीकडे आहे. पण काका, हा एवढा मोठा चौकोन झाला. यात कुठेही."

"असेल तर," बेकरीवाला पुटपुटला.

"घड्याळात किती वाजले?" काकूंनी विचारलं.

"अकरा."

"मग एकपर्यंत शोधू. माझे गुडघे एकपर्यंत कुरकुर करणार नाहीत, मी त्यांना सांगते." आणि त्या काकांकडे वळल्या. "आणखी काय लिहिलंय त्यात? तुम्ही काहीतरी लिहिलंच असणार."

काकांनी पान उलटलं. "उंची. सहाशे बारा मीटर. उंचीला अपूर्णांक नव्हता, म्हणून पूर्ण लिहिली."

डॉक्टरांनी यंत्र बघितलं. फ्रिजची उंची पाचशे चाळीस होती. आता काकांच्या अंगात जरा जीव आला. तीन खेपा करून भरलेला तो नकाशा त्यांनी पडद्यावर पसरवला आणि सहाशेच्या पुढची रेषा शोधली. ती डोंगराच्या कुशीतून नागमोडी जात होती, चौकोनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढी सगळी चालायची म्हटली तर संध्याकाळ झाली असती.

"या रेषा इथे दाटीवाटीने का आहेत?" काकूंनी विचारलं.

"तिथे चढ उभा आहे."

"आणि इथे लांब लांब?"

"तिथे सपाट."

"मग एवढा विचार काय करताय? ओट्यावर दूध सांडलं तर ते उभ्या भिंतीवर थांबतं का? सपाट कुठे आहे तेवढंच बघा."

त्या उंचीवर, त्या चौकोनात, रेषा विरळ झालेल्या अशा दोनच जागा होत्या. पहिली जवळ होती. तासाभराने तिथे पोहोचल्यावर सपाट कातळ मिळाला, त्यावर उन्हात तापलेला एक सरडा, आणि पाण्याचा थेंब नाही. सरडासुद्धा मंडळी बघून वैतागून निघून गेला. आठ जणांनी तिथेच फतकल मारून ब्रेड आणि उकडलेली अंडी बाहेर काढली. त्यांनी मान हलवून सांगितलं की आम्ही इथेच बरे.

दुसऱ्या जागेकडे निघाले ते तिघेच. डॉक्टर, काका आणि काकू. डॉक्टर का निघाले ते त्यांनाच माहीत. बहुधा थाप मारलेला हात त्यांनाही जड झाला होता. काका दर दहा पावलांना उंची वाचत होते. सहाशे चार. सहाशे सात. काकूंचा चेहरा दुखण्याने आक्रसला होता, पण विचारलं की त्या 'काही नाही' म्हणत होत्या. एक वाजायला दहा मिनिटं होती.

डॉक्टर लांब टांगांनी पुढे गेले, झाडीच्या कडेला पोहोचले आणि थांबले. बराच वेळ ते वळलेच नाहीत. काकांना वाटलं, संपलं.

मग डॉक्टरांनी न वळताच विचारलं, "काका, कासवं किती म्हणाला होतात?"

"सात!"

"इथे तर नऊ आहेत."

"मग वाढली असतील," काका ओरडले. त्यांचा आवाज चिरकला होता. "मी बघितली तेव्हा सातच होती!"

तळं तसंच होतं. पांढरी फुलं, आडवा ओंडका, आणि आता उन्हात लखलखणारं पाणी. डॉक्टरांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. "काका, माझं चुकलं. वयाचं जे बोललो ते माझ्या तोंडी शोभलं नाही." मग ते बाकीच्यांना आणायला जवळजवळ पळतच गेले. जाताना बेकरीवाल्याच्या नावाने आधीच हाका मारत गेले.

काका आणि काकू काठावर बसले. काकांचा जीव भांड्यात पडला होता. त्यांना हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि त्यांनी दोन्ही येऊ दिलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुझा विश्वास होता म्हणून सापडलं बघ. नाहीतर मी त्या फ्रिजपासूनच परत फिरलो असतो."

काकू पाण्याकडे बघत राहिल्या. "माझा कुठे विश्वास होता?"

"म्हणजे?"

"मला वाटलं, तुम्हाला भास झाला. बुधवारी रात्री लेकीला फोनसुद्धा केला मी. म्हटलं, बाबांना डॉक्टरांना दाखवावं लागेल. दातांच्या नव्हे."

काकांना क्षणभर वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. "मग गुडघे घेऊन एवढं कशाला आलीस?"

"तळं नाही म्हणूनच आले," काकू म्हणाल्या. "तळं असतं तर तुमच्याबरोबर नऊ जण होतेच की. नसतं, तर खाली उतरताना सगळे गप्प होऊन पुढे पुढे चालले असते, आणि तुम्ही एकटे मागे. तेव्हा कुणीतरी बाजूला चालायला हवं होतं."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. एकतीस वर्षं ते दारोदार फिरले होते, लोकांची घरं आतून ओळखत होते, आणि या एका घराचं त्यांना काहीच माहीत नव्हतं असं त्यांना वाटलं. ते खाली वाकले, काकूंच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि त्यांचे सुजलेले पाय एकेक करून पाण्यात ठेवले.

"गार आहे हो," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पाय तसेच राहू दिले.